बोळाचा दावा आणि आमच्या वकीलबाई: ११ महिन्यांनंतर

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या दाराला जायला एकच बोळ. चुलतभावाने त्याला लोखंडी गेट लावून कुलूप ठोकलं आणि मी तणतणत नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात वकील शोधायला गेलो. ओळखीतून एक वकीलबाई मिळाल्या. परवा प्रकरण मिटलं, म्हणून लिहितोय.

वाटलं होतं, लगेच 'ठोकूया दावा' म्हणतील. त्यांनी आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि सिटी सर्व्हेचा नकाशा आणायला लावला. बघतो तर बोळ पूर्ण त्याच्याच हिश्शात! आजोबांचं वाटणीपत्र होतं, पण नोंदणी नसलेलं. त्यावर भिस्त ठेवू नका, असं तोंडावर सांगितलं. उरला वहिवाटीचा हक्क: २० वर्षं उघडपणे, परवानगी न मागता, खंड न पडता केलेला वापर. पुरावा? दोन दिवस ट्रंका उपसल्यावर आत्याच्या लग्नातला १९९८ चा फोटो सापडला. बोळातून रुखवताची ताटं चाललीत आणि सगळ्यात पुढे परात धरलेला हाच चुलतभाऊ. बाई पहिल्यांदा हसल्या.

नोटिशीला उद्धट उत्तर आलं. दावा लागला, सोबत बोळ अडवायला तात्पुरत्या मनाईचा अर्ज. मग तारखा. तीनदा ज्युनिअर आला, त्याला फाइलच ठाऊक नव्हती. बाई फोन उचलत नाहीत. पुढची तारीख मी ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाचा वेगळा क्रमांक) टाकून बघायला शिकलो. फी लेखी ठरली होती, पण टायपिंग, झेरॉक्स, नोटरी आणि कारकुनाचं 'किरकोळ' यांचा हिशेब मागून मागून घ्यावा लागला. याचे गुण कापतोय.

मनाईवर आदेश व्हायच्या आधीच कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. मी नको म्हणत होतो. बाई म्हणाल्या, तिथलं बोलणं पुरावा म्हणून वापरता येत नाही, नाही जमलं तर दावा आहे तिथून पुढे चालतो. दुसऱ्या बैठकीत वहिनी बोलल्या. अंबड एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीसाठी मी पहाटे बुलेट काढायचो ती नेमकी काकूंच्या खिडकीखाली, आणि काकूंची झोप मोडायची. "एकदा सांगायचं तरी!" मी म्हणालो. "चारदा सांगितलं, भाऊजी."

गेट राहिलं, किल्ली दोघांकडे, आणि बुलेट रस्त्यापर्यंत ढकलत न्यायची. बाईंचं खरं कसब मसुद्यात दिसलं. 'ये-जा करू देतील' हे मोघम वाक्य खोडून त्यांनी बोळाची रुंदी फुटात लिहिली, पाण्याच्या पाइपच्या दुरुस्तीचा हक्क घातला आणि तडजोड वारसांनाही बंधनकारक केली.

जागेच्या वादासाठी यांच्याकडे जरूर जा. रोज फोनवर धीर देणारं कुणी हवं असेल तर नको. तडजोड लोकअदालतीत ठेवली. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, शिवाय भरलेली कोर्ट फी परत मिळते. माझी अजून यायची आहे. त्यासाठी केलेला फोन अर्थातच बाईंनी उचललेला नाही.