सक्करदऱ्याकडचे टॅक्सवाले काका: साडेतीन तारे, आणि तेही विचार करून

दुकानाला पाटी नाही. होती म्हणे, पण रस्ता रुंद झाला तेव्हा काढली ती परत लावलीच नाही. एका झेरॉक्सवाल्याच्या बाजूला दहा बाय आठची खोली, सनमायकाचं टेबल, एक कॉम्प्युटर आणि बाक. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई, राहायला नागपूरच्या नंदनवनात. घरी येणाऱ्या टॅक्सच्या कागदांची मला आधी भीती वाटायची आणि नंतर आळस. म्हणून मागच्या नोव्हेंबरात अख्खी पिशवीच घेऊन गेले.

काकांनी पिशवी टेबलावर उलटी केली. चष्मा कपाळावर चढवला आणि पत्ते वाटावे तसे कागद वाटत गेले. "हे महानगरपालिकेचं. हे एनआयटीचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं. हे राज्याचं. हे दिल्लीचं. अन् हे बाई, तुमच्या गॅसच्या पासबुकाचं झेरॉक्स आहे, हे कायले आणलं?" चार ढिगांवर चार वजनं ठेवली: स्टेपलर, पेन स्टँड, चुन्याची डबी आणि माझाच मोबाइल.

इतकी वर्षं मला वाटायचं, घरटॅक्स दोनदा भरावा लागून राहिला. आमचा प्लॉट एनआयटीच्या लेआउटमधला, लीजचा. त्याचं भूभाटक वेगळं आणि महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात भरायचा मालमत्ता कर, म्हणजे घरटॅक्स, वेगळा. एक जमिनीच्या लीजचं, दुसरं घराच्या भाडेमूल्यावरचं. हे मला कोणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. भाडेमूल्य म्हणजे घर वर्षभर भाड्याने दिलं तर किती येईल त्याचा अंदाज. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के सोडतात आणि उरलेल्यावर कर लावतात.

मग डिमांडमधल्या, म्हणजे घरटॅक्सच्या बिलातल्या, एकेका ओळीवर त्यांनी पेन फिरवलं. सामान्य कर, मलनिःसारण, अग्निशमन, वृक्ष कर, शिक्षण कर. रोजगार हमी कराशी मी अडले. आमच्या घरात हे कुठून आलं? काका म्हणाले, "खाली समोरच्या खोलीत टेलर बसून राहिला ना? तो त्याच्यामुळं." हा कर राहत्या घराला नाही, दुकान-ऑफिससारख्या वापराला लागतो. तसंच भाड्यावर जीएसटी भरावा लागेल म्हणून शेजारच्या काकूंनी मला घाबरवून ठेवलं होतं. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असली तर नोंदणीच लागत नाही. माझं भाडं महिन्याला ९,०००. काका हसलेच नाहीत, त्याबद्दल त्यांना अर्धा तारा.

आता खरी गोष्ट. माझं रिटर्न आधी जो भरायचा (नाव घेत नाही, लग्नाकार्यात भेट होते), त्याने वर्षाचं १,०८,००० भाडं सरळ 'इतर उत्पन्न' म्हणून टाकलं होतं. एक रुपया वजा नाही. काकांनी पाठकोऱ्या कागदावर मांडणी केली. मार्च २०२५ मध्ये मी दोन वर्षांचा घरटॅक्स एकदम भरला होता. ह्यांच्या आजारपणात एक वर्ष राहून गेलं होतं. वरच्या मजल्यावर मी स्वतः राहते, म्हणून पूर्ण पावती धरायची नाही. खालच्या खोलीच्या वाट्याला वर्षाचे ३,२००, दोन वर्षांचे ६,४००. "मागचं वर्ष का चालतं?" मी विचारलं. इथे कर कोणत्या वर्षाचा ते बघत नाहीत, मालकाने कोणत्या वर्षी प्रत्यक्ष भरला ते बघतात. शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, मात्र धरायची नाही. उरले १,०१,६००. त्यावर ३० टक्के सरसकट वजावट, खर्च करा की नका करू. म्हणजे ३०,४८० गेले. कर लागणार ७१,१२० वर.

मी जुनीच कर पद्धत धरून आहे, आणि पेन्शनमुळे माझा वरचा थर २० टक्क्यांचा. उपकर धरून ७,६७१ रुपये जास्त गेले होते. सुधारित रिटर्नला ३१ डिसेंबरपर्यंत मुदत होती, काकांनी त्याच आठवड्यात भरून दिलं. फी ८००.

शास्तीबद्दल एक बोलते, कारण चूक माझीच होती. डिमांड आलमारीच्या कागदाखाली दडलेली. महिन्याला २ टक्के. ऐकायला लहान वाटतं, पण वर्षाचे २४ होतात, आणि माझ्या एफडीला बँक सातच्या आसपास देते.

सुनेची पगाराची स्लिपही पिशवीत होती. तिला २२,००० मिळतात आणि दरमहा २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापला जात होता. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो नाही. काकांनी स्लिपवर लाल गोल केला आणि म्हणाले, "हे ऑफिसात दाखवा, माझी फी नाही." जानेवारीपासून कापणं बंद झालं.

मग तारे का कापले? एक तर काका फार बोलतात. पूर्वी ते इतवारीतल्या व्यापाऱ्यांची जकातीची कागदं करायचे. २०१३ च्या एप्रिलमध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही दोन-अडीच वर्षांत गुंडाळला, मग २०१७ मध्ये जीएसटी. ही कथा मी तीनदा ऐकली, एकदा तर मागे सात माणसं उभी असताना. दुसरं, यूपीआय घेत नाहीत. तिसरं जरा गंभीर आहे. चालू वर्षाचा घरटॅक्स ऑनलाइन भरताना त्यांनी घराच्या इंडेक्स नंबरचा (बिलावरच्या घराच्या नंबरचा) एक आकडा चुकीचा टाकला. स्क्रीनवर भलत्याच बाईंचं नाव आलं. मी चष्मा आणला होता म्हणून दिसलं, नाही तर त्या बाईंचा टॅक्स माझ्या खात्यातून गेला असता. काका म्हणाले, "तुमच्या नजरेला मानलं बाई." मी म्हटलं, तुमच्या बोटांना सांभाळा.

एक काम अजून बाकी आहे. आखीव पत्रिकेवर (जागेच्या सरकारी उताऱ्यावर) माझं नाव चढलं, पण डिमांड अजून ह्यांच्याच नावाने येते. काकांनी बजावलं की घरटॅक्सच्या पावतीवर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही, तरी पुढे विकताना अडचण नको म्हणून नामांतर करून टाका. अर्ज ते लिहून देणार आहेत, झोनमध्ये जायचं मलाच.

जायचं असेल तर संध्याकाळी पाच ते आठ, सोमवारी बंद. जुन्या पावत्या सगळ्या न्या, फाटक्याही. सुट्टे न्या. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. बाकावर तिघांचीच जागा आहे आणि कूलर अजून माळ्यावरच असतो.