सायकल रेसमध्ये अ‍ॅक्शन कॅमेरा: काही महिने वापरल्यावर काय वाटतं

आधीच सांगते, हा अनुभव फक्त रोड रेसचा आहे. फिरायला, पोहायला, घरच्या व्हिडिओंना हे कॅमेरे कसे आहेत यावर वाचायला भरपूर मिळेल. मी माझा कॅमेरा आता एकाच कामासाठी लावते, रेस संपल्यावर तीच रेस परत बघायला, आणि त्या कामाला या एवढ्याशा डबीसारखं दुसरं काही नाही.

एक उदाहरण देते. शेवटच्या चढाच्या जरा आधी एकीने अटॅक केला, म्हणजे जोर लावून पुढे निघाली, आणि अख्खा बंच (रायडर्सचा घोळका) बघत राहिला, सगळ्यांचं म्हणणं एकच की अचानक सुटली. फुटेज सावकाश लावून बघितलं तर अचानक वगैरे काही नव्हतं. ती आधी हळूच कडेला सरकली, बाटलीतून एक घोट घेतला, बाटली नीट जागेवर ठेवली, हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर) गेले, काखेखालून एकदा मागे बघितलं, मग चेन मागच्या लहान चकतीवर, म्हणजे जड गिअरवर उतरली आणि त्यानंतर ती सीटवरून उठली. रेस चालू असताना आपली नजर पुढच्या चाकावर असते, हे सगळं टिपणं शक्यच नसतं. आता मला कोणी कडेला सरकून बाटली ठेवताना दिसलं की मी आपोआप गिअर बदलून तयार असते.

म्हणून सेटिंगमध्ये मी आधी फ्रेमरेट बघते, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (एफपीएस) घेतली जातात ते. ताशी ४० किलोमीटरला सायकल सेकंदाला साधारण ११ मीटर जाते, म्हणजे ३० एफपीएसला दोन फ्रेमच्या मधे जवळजवळ ३७ सेंटिमीटर निघून जातात आणि ६० ला त्याच्या निम्मे. कोपऱ्यावर कोणी कुठली लाइन घेतली, कुणाचं चाक कुणाच्या चाकावर चढलं, हे बघायचं तर ६० च पाहिजे. रिझोल्यूशनचं, म्हणजे चित्र किती बारीक तपशिलाचं आहे याचं, मला तेवढं नाही, २.७के मिळालं तरी मी खूश, पण ४के असेल तर झूम करून बिब नंबर (रायडरला लावलेला रेसचा नंबर) वाचता येतो हा फायदा आहे.

स्टॅबिलायझेशनची, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करण्याची, जाहिरात खूप असते आणि उजेड असेल तर खरंच कमाल आहे, खडबडीत रस्ता सुद्धा लोण्यासारखा दिसतो. पण ते इलेक्ट्रॉनिक असतं, म्हणजे फ्रेमच्या कडा कापून चित्र जागेवर धरतं, आणि फ्रेममध्ये आधीच आलेला ब्लर त्याला काढता येत नाही. पहाटेच्या स्टार्टला किंवा दाट झाडीत उजेड कमी पडला की कॅमेरा शटर हळू करतो आणि मग चित्र स्थिर असूनही थरथरल्यासारखं, मळकट दिसतं. यावर उपाय म्हणजे शटर १/२४० सेकंदापेक्षा हळू होऊ द्यायचं नाही आणि आयएसओची (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) मर्यादा वाढवून ठेवायची, थोडे दाणे येतात पण काय चाललंय ते कळतं.

माउंटबद्दल माझं ठाम मत आहे की हँडलबारच्या पुढे, सायकल कॉम्प्युटरच्या खाली उलटा लावलेला कॅमेरा सगळ्यात बरा, समोरचं सगळं दिसतं आणि तुमचं डोकं कुठेही वळलं तरी चित्र सरळच राहतं. हेल्मेटवर नको, मानेला जड होतं, पडलात तर डोक्यापाशी एक टणक वस्तू आणि बघताना चक्कर येते ती वेगळीच. छातीवरच्या पट्ट्याचा एक फायदा मात्र मोठा आहे, आवाज. हँडलबारवर नुसता वारा ऐकू येतो, छातीवर शरीराचा थोडा आडोसा मिळतो त्यामुळे श्वास, ‘खड्डा!’, ‘डावीकडून!’ असं ओरडणं बऱ्यापैकी येतं. फक्त रोड बाइकवर आपण वाकलेलो असतो म्हणून कॅमेरा छातीवर उलटा लावावा लागतो, म्हणजे तो पुरेसा वर तिरपा होतो, नाहीतर अख्ख्या रेसभर स्वतःचा स्टेमच (हँडल धरणारा दांडा) दिसतो. माउंटचा स्क्रू हाताने आवळून भागत नाही, पान्याने आवळा, आणि एक दोरी बांधून ठेवा, मागून येणाऱ्यांसाठी तरी. आणि हो, आयोजकांना आधी विचारा, बऱ्याच रेसमध्ये सायकलवर कॅमेरा चालत नाही.

एक गोष्ट फुटेज बघताना कायम लक्षात ठेवायची. वाइड लेन्समध्ये पुढची रायडर खरी असते त्यापेक्षा बरीच लांब वाटते आणि चढ तर पार सपाट होऊन जातो! लिनिअर मोडने (वाइड लेन्सच्या वाकलेल्या रेषा सरळ करणारं सेटिंग) वाकडेपणा जातो, हे जात नाही. त्यामुळे ‘एवढी गॅप कशी पडू दिली’ असं व्हिडिओवरून कुणाला बोलू नका, चढ कुठे होता ते पॉवर (पेडलवर लावलेला जोर, वॅटमध्ये) आणि हार्टरेटच्या आकड्यांशी ताडून बघा.

बॅटरी आणि गरम होणं या दोन गोष्टी जोडीने येतात. चालत्या सायकलवर वाऱ्याने कॅमेरा थंड राहतो, पण स्टार्ट लाइनवर उन्हात उभं राहून रेकॉर्डिंग चालू ठेवलं की तापतो आणि बंद पडायची शक्यता तिथेच जास्त. गोप्रो, डीजेआय, इन्स्टा३६० तिघांच्याही नव्या कॅमेऱ्यांत बंद असताना एक बटण दाबलं की थेट रेकॉर्डिंग चालू होतं, ते वापरा आणि शिट्टीच्या अगदी आधी दाबा. बीपचा आवाज फुल ठेवा, ग्लोव्ह घालून स्क्रीन बघायला वेळ नसतो.

मेमरी कार्ड व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं घ्या. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ चं कार्ड दीड तासही पुरत नाही, १२८ हवंच. लांब रेकॉर्डिंग कॅमेरा तुकड्यातुकड्यांत सेव्ह करतो, ते बरंच आहे, पडून कॅमेरा बंद झाला तरी सहसा शेवटचाच तुकडा धोक्यात असतो. रेसच्या आदल्या रात्री जुनं फुटेज उतरवून घ्यायचं आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, लॅपटॉपवर नाही.