दोह्याचे अल मूरजान लाउंज

मुंबईहून युरोपला जाताना दोह्याच्या हमाद विमानतळावर चार तास थांबायचे होते, म्हणून कतार एअरवेजच्या बिझनेस क्लासच्या प्रवाशांसाठी असलेल्या अल मूरजान लाउंजमध्ये गेलो. २०१४ पासून सुरू असलेले, सुमारे १०,००० चौरस मीटरचे हे दालन इतके प्रशस्त आहे, की मधल्या पाण्याच्या लांबलचक कुंडाकाठी बसल्यावर बाहेरचा गोंगाट जाणवतही नाही. मध्यरात्री घर सोडले असल्यामुळे तिथली गरम पाण्याची अंघोळ मला कोणत्याही पक्वान्नापेक्षा मोलाची वाटली. वरच्या उपाहारगृहात हमूस ही काबुली चण्यांची चटणी आणि वेलदोड्याच्या सुगंधाची अरबी कॉफी मनापासून आवडली. शाकाहारी माणसाचेही तिथे उत्तम भागते. बिझनेस क्लासच्या सर्वांत स्वस्त भाड्यात लाउंजचा प्रवेश धरलेला नसतो, तेव्हा तिकीट काढतानाच अटी नीट वाचाव्यात.