अकरा दिवसांचा तलाठी

गेल्या जानेवारीत मी मिशी वाढवली होती. नाशिकला अंबडच्या कंपनीत मी स्टोअरला आहे. माल घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय शेठ, पुन्हा बोहल्यावर चढताय का?" मी नुसता हसायचो. कारण मालिकेत काम मिळालंय हे कुणाला सांगायचं नाही असं बजावलेलं होतं. "टेलिकास्टपर्यंत बाहेर बोलायचं नाही सर, चॅनलचा नियम असतो." असा नियम खरोखरच असतो, म्हणून मला ते लगेच पटलं. नंतर लक्षात आलं की फसलेला माणूस चार जणांशी बोलला नाही तर त्याला सावध तरी कोण करणार?

ती मिशी मला ३४,००० रुपयांना पडली.

बावीस वर्षं हौशी नाटकं करतोय. ड्युटी सुटली की शाळेच्या हॉलमध्ये तालीम, आणि वर्षातून एकदा राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. आमच्याकडे ती परशुराम साईखेडकर नाट्यगृहात व्हायची. त्या वर्षी मला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं आणि पेपरात निकालाच्या बातमीत शेवटच्या ओळीत का होईना, नाव छापून आलं. चौथ्या दिवशी फोन, मालिकेसाठी नट निवडतो म्हणणाऱ्याचा. "सर, स्पर्धेतलं काम पाहिलं तुमचं. दुसऱ्या अंकातला बाप... काय उभा केलात!"

बावीस वर्षांत बायकोनंसुद्धा दुसऱ्या अंकाबद्दल असं काही म्हटलं नव्हतं. मी तिथेच फसलो. बाकीचं सगळं फक्त पैसे भरायचं काम होतं.

त्यानं नाटक पाहिलंच नव्हतं. नाव पेपरात होतं, फोटो संस्थेच्या फेसबुक पानावर होते, आणि नंबर मीच माझ्या प्रोफाइलवर हौसेनं टाकून ठेवला होता. कुठला बाप कुठल्या अंकात, हेही फोटोंखाली आम्हीच लिहिलेलं.

लोक मला विचारतात, एवढा शिकलेला माणूस कसा फसला? त्यांना वाटतं मला कुणी हिरो करतो म्हणालं असेल. तसं म्हणाले असते तर मी फोन ठेवून दिला असता. ते म्हणाले, तलाठी. मालिकेत गावाचा ट्रॅक आहे, त्यात अकरा दिवसांचं काम, पर डे ३,५००, शिफ्ट बारा तासांची, पेमेंट नव्वद दिवसांनी. यातला एकही शब्द खोटा वाटण्यासारखा नव्हता. बारा तासांची शिफ्ट आणि नव्वद दिवसांनी पैसे, हे या धंद्यात चालतंच. मुंबईत काम करणारे आमचे दोन मित्र त्यावरून कायम रडत असतात. मला तर उलट वाटलं, पैसे उशिरा देतायत म्हणजे खरेच आहेत! आज कळतं की नव्वद दिवस मला गप्प ठेवायला होते.

शिवाय मृणाल दुसानीस, चिन्मय उदगीरकर, सायली संजीव ही मालिकांमधली नावं आमच्या शहरात सगळ्यांना तोंडपाठ. "नाशिकच्या लोकांची भाषा स्वच्छ असते सर, म्हणून इकडे आलोय." भाषेचं कौतुक केलं की नाशिककर विरघळतो. कुसुमाग्रजांच्या गावात राहतो ना आम्ही.

ऑडिशन मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात होती. हॉल तासावर घेतलेला असणार. आत एक कॅमेरा, दोन लाइट, आणि नावं लिहून घ्यायला एक मुलगी. पन्नासेक माणसं होती. सिन्नरची एक कॉलेजची पोरगी आईला घेऊन आलेली, दिंडोरीचे एक रिटायर कंडक्टर होते. कंडक्टरांनी कीर्तनातला एक प्रसंग करून दाखवला, फार सुंदर. मला आजही वाईट वाटतं ते त्या प्रसंगाचं. समोर बसलेला माणूस मोबाइल बघत होता.

मग पैसे. आधी आर्टिस्ट कार्ड, ४,९००. लूक टेस्ट आणि कॉस्च्युमचं डिपॉझिट, ७,५००, परत मिळणारं. करारनाम्याची नोंदणी, १२,०००. शेवटी गोरेगावला राहण्याच्या सोयीचं डिपॉझिट, ९,६००, तेही परत मिळणारं. हिशेब असा बसवलेला की भरलेले पैसे कायम येणाऱ्या ३८,५०० च्या आतच राहायचे. प्रत्येक वेळी कागदावर मी फायद्यात. स्टोअरमध्ये एका नटाचाही फरक सापडेपर्यंत न उठणारा माणूस मी, आणि करारावर कंपनीचा पत्ताच नाही, हे मला दिसलं नाही. पैसेही दर वेळी वेगळ्या माणसाच्या खात्यावर मागितले. मी भरले.

तिसऱ्या हप्त्याला बायकोनं विचारलं, "अहो, काम त्यांचं आहे ना? मग पैसे आपण का भरायचे?" यावर मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो, "तुला या क्षेत्रातलं कळत नाही." चौथ्या हप्त्याचे पैसे तिच्या भिशीतले होते.

कॉल टाइम सकाळी सातचा, म्हणून रात्रीच्या बसनं निघालो. कसारा घाटात झोप येईना, मिशीवरून हात फिरवत संवाद पाठ करत बसलो. सातबारा, फेरफार, 'साहेब उद्या या'. एवढे तीनच संवाद पाठवले होते त्यांनी. गोरेगावच्या फाटकावर सिक्युरिटीनं यादी पाहिली. नाव नाही. मालिकेचं नाव सांगितलं, तर तिचं शूटिंग तिथे चालतच नव्हतं. फोन लावला, बंद. तो सिक्युरिटीवाला भला माणूस. म्हणाला, "काका, चहा घ्या आणि परत जा. असे येतात लोक."

टपरीवर चहा घेताना समोर पाटी होती, दादासाहेब फाळके चित्रनगरी. आमच्या त्र्यंबकचा माणूस. फाळके जयंतीला मी निवेदन करतो तेव्हा हटकून एक गोष्ट सांगतो. १९१३ च्या पहिल्या चित्रपटात तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना गाठलं. त्यांना तिथे महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ देऊ केले. टाळ्या घेणारी गोष्ट आहे. कितीदा सांगितली असेल मी माइकवरून! फाळक्यांनी साळुंक्यांकडून कार्डाचे पैसे घेतले नव्हते, हे त्या टपरीवर डोक्यात आलं.

परत आल्यावर मुंबईतल्या मित्राला सगळं सांगितलं. आधी तो पोटभर शिव्या घालून मोकळा झाला, मग त्यानं समजावलं ते देतो. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कास्टिंग करणाऱ्याला त्याचा मोबदला निर्माता देतो. मध्ये को-ऑर्डिनेटर असला तर तो कमिशन घेतो, पण काम झाल्यावर, आलेल्या पैशांतून. सिंटा ही कलाकारांची संघटना खरी आहे, पण तिचं सभासदत्व तिच्याकडे स्वतः अर्ज करून घ्यायचं असतं, हॉटेलच्या हॉलमध्ये कुणी देत नाही. कॉस्च्युम प्रॉडक्शनचा असतो, किंवा फार तर 'घरचे दोन शर्ट आणा' म्हणतात. पॅन कार्ड आणि कॅन्सल चेक खरे लोकही मागतात, पण ते तुम्हाला पैसे पाठवण्यासाठी.

लहान पोरं घेऊन ऑडिशनला जाणाऱ्या आईबापांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. मूल चौदा वर्षांखालचं असेल तर शूटिंग जिथे आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याला काढावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावावर बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. त्या दिवशी हॉलमध्ये सात-आठ लहान मुलं होती. त्यांच्या आईबापांनाही कार्डाचे पैसेच मागितले गेले, परवानगीचा विषय कुणी काढला नाही. समोरच्याला सरळ विचारा, परवानगी कोण काढणार? उत्तरावरून बरंच कळेल.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी फोन केला तो शेवटचा हप्ता भरल्यावर नवव्या दिवशी. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. नऊ दिवसांत ते कुठल्या कुठे गेले होते. तक्रार लिहून घेताना पोलीस म्हणाले, आता चारशेवीस राहिलं नाही, नव्या कायद्यात ३१८ आहे. एवढंही माझ्या पिढीच्या वाट्याला आलं नाही, म्हटलं.

ऑडिशनला आलेल्यांपैकी ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्या सगळ्यांना तक्रारीसाठी फोन केले. तिघं आले. कंडक्टर म्हणाले, "जाऊ द्या हो, पोरांना कळलं तर घरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

यंदाच्या तालमी सुरू झाल्यात. परवा चहाच्या सुट्टीत कळलं की गेल्या वर्षीच्या निकालाच्या यादीतल्या दोघांना फोन आलेत. एकीला सासूचा रोल, एकाला हवालदाराचा. हवालदाराचं काम नऊ दिवसांचं आहे म्हणे.