कॉरोनरच्या कोर्टात आपला वकील कोण? ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल कुटुंबांपुढचे पर्याय

कोठडीत किंवा तुरुंगात मृत्यू झाला की ऑस्ट्रेलियात प्रकरण कॉरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याकडे, जातं आणि बहुतेक वेळा इन्क्वेस्ट, म्हणजे उघड्या कोर्टातली मृत्यूचौकशी, होते. कॉरोनर शिक्षा सुनावत नाही. मृत्यू कसा झाला ते ठरवतो आणि शिफारशी करतो. मग आरोपी नाही, खटला नाही, तर वकील कशाला? मेलबर्न-सिडनीत नर्सिंग किंवा समाजकार्य करणाऱ्या मराठी मंडळींनाही एखाद्या सहकाऱ्याच्या घरी असं घडलं की हा प्रश्न पडू शकतो. उत्तर समोरच्या बाकांवर बसलेलं असतं. पोलीस, तुरुंग खातं, आरोग्यसेवेचा ठेका घेतलेली कंपनी, सगळ्यांचे बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात उभं राहून बाजू मांडणारे वकील, वेगवेगळे. ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी, लोकांच्या कोठडीतल्या 99 मृत्यूंचा तपास केलेल्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, 1991 साली 339 शिफारशी केल्या. इन्क्वेस्टमध्ये कुटुंबाला वकील मिळावा आणि वाजवी खर्च सरकारने द्यावा, ही त्यातलीच एक. प्रत्यक्षात अजूनही धावाधाव कुटुंबालाच करावी लागते.

पहिला पर्याय, वकीलच न करणं. कोर्टात ‘काउन्सेल असिस्टिंग’ नावाचा वकील असतो. तो साक्षीदारांना प्रश्न विचारतो आणि कुटुंबाशी सौजन्याने वागतो, त्यामुळे तो आपलाच आहे असं वाटायला लागतं. पण तो कॉरोनरचा माणूस. तुमचे प्रश्न तो विचारेलही, पण विचारायलाच हवेत असं बंधन त्याच्यावर नाही. मृत्यू कोठडीतला असेल तर एवढ्यावर भागवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा, ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिस. 1970 साली सिडनीच्या रेडफर्नमध्ये सुरू झालेली ही चळवळ आज जवळपास सगळ्या राज्यांत मोफत वकिली करते. घरातला नेमका कोण बोलणार, अंत्यविधी कधी, शवविच्छेदनाला हरकत घ्यायची का, हे त्यांना पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. तीच खरी त्यांची ताकद, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत याच गोष्टी ठरतात. व्हिक्टोरियात तर शवविच्छेदनावर फेरविचार मागायला नोटीस मिळाल्यापासून 48 तासच असतात. उणी बाजू पैशांची आणि माणसांची. त्यांचा बराचसा वेळ जामीन आणि फौजदारी खटल्यांत जातो, मोठ्या इन्क्वेस्टसाठी बाहेरचा बॅरिस्टर आणावा लागतो. शिवाय त्याच प्रकरणातला दुसरा साक्षीदार त्यांचा अशील असेल तर ते तुमचं काम घेऊ शकत नाहीत.

तिसरा, लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणारी कायदेशीर मदत. न्यू साउथ वेल्समध्ये इन्क्वेस्टसाठी त्यांचं वेगळं युनिटच आहे. अनुभव भरपूर, पण प्रकरणात सार्वजनिक हित आहे का यासारखे निकष लागतात. अर्ज करून ठेवावा, पण फक्त त्यावर विसंबून राहू नये.

चौथा, मानवी हक्क संस्था किंवा खाजगी फर्म. यॉर्टा यॉर्टा या ॲबोरिजिनल समाजाच्या तान्या डे 2017 साली ट्रेनमध्ये झोपलेल्या होत्या. सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत असल्याबद्दल त्यांना व्हिक्टोरियातल्या कॅसलमेनच्या पोलीस कोठडीत टाकलं. तिथे पडून डोक्याला मार लागला, ॲम्ब्युलन्स बोलवायला सुमारे तीन तास गेले, आणि 17 दिवसांनी हॉस्पिटलात त्यांचा मृत्यू झाला. कुटुंबाच्या बाजूने ह्युमन राइट्स लॉ सेंटर उभं राहिलं. त्यांचा जोर नुसत्या साक्षी तपासण्यावर नव्हता. चौकशीच्या कक्षेत वंशभेद यायला हवा, हा त्यांचा आग्रह होता आणि कॉरोनरने तो विचारात घेतला. कोठडीतलं सीसीटीव्ही फुटेज कुटुंबाच्या मागणीवरून जाहीर झालं. सार्वजनिक दारूबाजीचा गुन्हाच रद्द करण्याची शिफारस आली आणि व्हिक्टोरियात 2023 साली ती अमलात आली. पोलिसांवर मात्र खटला भरला गेला नाही. अशा संस्था मोजकीच प्रकरणं घेतात, बहुधा ज्यातून कायदा बदलू शकतो तीच. खाजगी फर्मकडे गेलात तर फी आणि पुढचा भरपाईचा दावा यांचा करार आधी लेखी घ्या. एरवी ‘जिंकलो तरच पैसे’ म्हणणाऱ्याचं सगळं लक्ष इन्क्वेस्टऐवजी दाव्यावरच राहतं.

आता घरातल्या मतभेदांचं बघू, कारण लोक हा भाग विसरतात. व्हेरॉनिका नेल्सन या ॲबोरिजिनल महिलेला व्हिक्टोरियात चोरीच्या संशयावरून पकडलं. जामिनाच्या वेळी त्यांना स्वतःच बाजू मांडावी लागली, आणि जानेवारी 2020 मध्ये त्या डेम फिलिस फ्रॉस्ट तुरुंगात दगावल्या. त्या इन्क्वेस्टमध्ये जोडीदाराची बाजू व्हिक्टोरियाच्या ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिसने मांडली, तर आईचा वकील वेगळा होता. 2023 साली कॉरोनरने हा मृत्यू टाळता आला असता असं म्हटलं आणि जामीन कायद्यावर सडकून टीका केली. दोन वकील म्हणजे घरात भांडण, असं समजायचं कारण नाही. जोडीदाराला आणि आईला वेगळं काही हवं असेल तर एकाच वकिलावर ते ओझं टाकू नका.

मी सांगेन तो क्रम असा: पहिल्याच दिवशी लीगल सर्व्हिसला फोन, त्याच आठवड्यात लीगल एडचा अर्ज, आणि चौकशीची कक्षा ठरवणाऱ्या सुनावणीच्या बरंच आधी बॅरिस्टर. ही सुनावणी चुकली तर पुढे कितीही मोठा वकील आणला तरी त्याला ठरलेल्या चौकटीतच बोलावं लागतं. निवड करताना वकिलाला तीन गोष्टी विचारा. तारखेला कोर्टात स्वतः येणार की ज्युनिअरला पाठवणार? पुराव्याच्या फायली वाचून आम्हाला समजावून कोण सांगणार? आणि शिफारशी आल्यावर त्यांचा पाठपुरावा करणार, की निकालाच्या दिवशी तुमचं काम संपणार?