वैद्यकीय जामीन की कोठडीतच उपचार?

आजारी कच्च्या कैद्यासमोर दोन वाटा असतात: प्रकृतीच्या कारणावरून जामीन मागणे, किंवा कोठडी कायम ठेवून बाहेरच्या रुग्णालयात उपचारांची परवानगी मागणे. दुसरी परवानगी तुलनेने लवकर मिळते. रुग्णालयातले दिवस तुरुंगवासात मोजले जातात, मात्र खाटेशेजारी पोलीस पहारा असतो आणि बरे वाटताच पुन्हा बराक. जामिनावरचे दिवस पुढे शिक्षेतून वजा होत नाहीत, पण माणूस घरच्यांच्या हाती असतो.

एल्गार परिषद प्रकरणात, म्हणजे पुण्यातल्या 2017 च्या सभेवरून लेखक-कार्यकर्त्यांवर माओवादी संबंधांचा आरोप ठेवणाऱ्या खटल्यात, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कडक जामीन-अटी असतानाही, दोन्ही वाटा दिसल्या. तेलुगू कवी वरवरा राव यांना मुंबई उच्च न्यायालयाने आधी नानावटी रुग्णालयात हलवले, फेब्रुवारी 2021 मध्ये मुंबई न सोडण्याच्या अटीवर सहा महिन्यांचा जामीन दिला, आणि ऑगस्ट 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुदतीविना केला. स्टॅन स्वामी यांचा वैद्यकीय जामीन मात्र विशेष न्यायालयाने नाकारला. पार्किन्सनमुळे पेला हातात ठरत नसे, म्हणून साध्या सिपरसाठीही या वृद्ध धर्मगुरूंना अर्ज करावा लागला. मे 2021 च्या अखेरीस त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवले गेले. 5 जुलैला, जामिनाची सुनावणी चालू असतानाच, त्यांच्या मृत्यूची बातमी न्यायालयात सांगितली गेली.

माझ्या मते अचानक उद्भवलेल्या दुखण्याला दुसरी वाट पुरते. रोज दुसऱ्याचा हात लागणाऱ्या, न उलटणाऱ्या आजाराला ती पुरत नाही.