माधवनगर रोडवरचं मोटर रिवायंडिंगचं दुकान : काम चोख, वेळेचं मात्र विचारू नका

आमच्या घरी विहिरीचं पाणी. एक एचपीची मोटर, शेजारी प्रेशरची टाकी. वरच्या मजल्यावर शॉवर सोडला की पाणी नुसतं ओघळायचं. खाली कुणी भांडी घासायला बसलं तर तेही बंद. शिवाय मोटर सारखी चालू-बंद, चालू-बंद. आधी आलेल्या मेकॅनिकनं मोटरवर हात ठेवला आणि दीड एचपीची नवी घ्या म्हणून सांगून मोकळा झाला. मिस्टर तर दुकानात निघालेच होते.

मग भावजींनी या दुकानाचं नाव काढलं. सकाळी येतो म्हणालेला पोरगा दुपारी उगवला, पण हातात प्रेशर गेज घेऊन. मला तिथंच बरं वाटलं.

त्यानं मोटर आणि टाकीच्या पुढचा व्हॉल्व बंद केला आणि मोटर चालू केली. काटा झरकन २.८ बारवर गेला, प्रेशर स्विचनं मोटर आपोआप बंद केली. काटा तिथंच थांबला, उतरेना. "वैनी, मोटर चांगलीय. फूट व्हॉल्व, म्हणजे विहिरीतल्या पाईपच्या तळाशी पाणी मागं जाऊ न देणारी झडप, ती पण धरतेय. पाणी पुढं अडतंय." एक बार म्हणजे पाणी साधारण दहा मीटर वर चढवण्याइतका जोर, हे त्याच्याकडूनच कळलं. आमचा शॉवर मोटरपासून जेमतेम सहा मीटर उंच, म्हणजे जोर कमी नव्हताच.

मग वरचा शॉवर सोडायला लावून गेज फिल्टरच्या पुढच्या बागेच्या नळाला लावलं. तिथं एक बारसुद्धा नाही! नळ सगळे बंद असले की फिल्टरच्या अलीकडं-पलीकडं काटा सारखाच दिसतो, म्हणून पाणी वाहतं ठेवूनच बघायचं. आधीच्या मेकॅनिकनं हेच केलं नव्हतं. फिल्टरची कार्ट्रिज काढली तर लालसर चिखलानं लिंपलेली. नवी घातली, पाणी सुधारलं, तरी वरती मनासारखं येईना. मग त्यानं जिन्याजवळचा जुना जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपचा बेंड, म्हणजे वळणाचा तुकडा, कापला. एक इंची पाईप, पण आत क्षार आणि गंज साचून भोक पेन्सिलीएवढं उरलेलं. तो तुकडा मी मिस्टरांना दाखवायला ठेवून घेतला आहे.

चालू-बंदचं कारण वेगळंच निघालं. पाण्याला दाबून धरणारी टाकीतली हवा गेली होती. मोटर बंद करून टाकीवरच्या हवेच्या व्हॉल्वची पिन दाबली. पाणी आलं नाही, म्हणजे आतला रबरी पडदा शाबूत. मग टाकीतलं पाणी पूर्ण सोडून सायकलच्या पंपानं हवा भरली. मोटर १.४ बारला चालू होते, म्हणून हवा त्याहून थोडी कमी, १.२ बारवर ठेवली. टाकीत पाणी असताना हवा मोजली तर आकडा चुकतो, हेही बजावून गेला. आता बादली भरेस्तोवर मोटर एकदाच लागते.

बिल कार्ट्रिज आणि पाईप धरून दोन हजारांच्या आत आलं. नव्या मोटरच्या मानानं काहीच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी आपल्याच सांगली जिल्ह्यात, तरी मोटर न विकता दुरुस्त करून देणारा माणूस शोधावा लागतो!

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत. बिल चिठ्ठीवर, पक्कं हवं तर दोनदा मागावं लागतं. बेंड कापल्यावर जिन्यात पडलेला राडा मीच पुसला. आणि उन्हाळ्यात दुकानासमोर उसाच्या रानातल्या जळालेल्या मोटरींची रांग असते, घरगुती काम मागं पडतं. शेतकऱ्याचं उभं पीक वाळतंय म्हटल्यावर त्यात बोलण्यासारखं काही नाही. तुमचं काम असेल तर होळीच्या आधी उरकून घ्या, आणि फोनच्या नादी न लागता सकाळी दुकान उघडतानाच जाऊन उभे राहा.